आपल्या गाण्याची बाराखडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



स्वर, सप्तक, ताल, राग, थाट हे शब्द कानावर पडले की आपल्यापैकी पुष्कळजणी म्हणतात, "आम्हाला बाई संगीतातले काही कळत नाही." आणि असे म्हणणाऱ्या बाईच्याच तोंडी भुलाबाईची पंचवीस गाणी असतात! तेव्हा मी आज नवीन काही शिकविणार नाही. जे आपल्याजवळ आहेच त्याला शास्त्रात काय म्हणतात, एवढेच सांगणार आहे.

प्रथम स्वर घेऊ. षड्ज, ऋषभ, गंधार, मध्यम, पंचम, धैवत आणि निषाद असे हे सात स्वर. आपण त्यांना थोडक्यात सा, रे, ग, म, प, ध, नी म्हणतो. यांतील सा आणि प हे अचल, म्हणजे आपली जागा न सोडणारे. रे, ग, ध, नी हे चार स्वर थोडे खाली उतरले की कोमल होतात आणि म वर चढला की तीव्र होतो. सात शुद्ध, चार कोमल व एक तीव्र मिळून बारा स्वर झाले. पेटीवर एका सा पासून पुढच्या सा पर्यंत पांढऱ्या-काळ्या पट्ट्या मोजून पाहा, हिशेब बरोबर जमेल. या सात स्वरांच्या ओळीला सप्तक म्हणतात. खर्जातले ते मंद्र, नेहमीचे ते मध्य आणि उंच ते तार सप्तक.

आता एक महत्त्वाची गोष्ट. सा हा कुठे ठेवावा हे कोणी ठरवून दिलेले नाही. ज्याच्या गळ्याला जिथे सोपे, तिथे त्याचा सा. यालाच आपण पट्टी म्हणतो. पुरुष बहुधा काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायकांचा गळा काळी चार-पाचकडे मोकळा होतो. पुष्कळदा भजनाला पेटी पुरुषांच्या पट्टीत लागलेली असते. मग बायकांना खाली जावे तर आवाज उमटत नाही आणि वर जावे तर चिरकतो. शेवटी त्या नुसत्या टाळ्या वाजवितात आणि घरी येऊन म्हणतात, "आपला गळाच चांगला नाही." भगिनींनो, गळा चांगलाच असतो, पट्टी परकी असते. "काळी चार घ्या" एवढे दोन-तीन शब्द ठाऊक असले तर ती बाई गाऊ शकते. शब्द ठाऊक नसल्यामुळे जी गप्प बसते, तिच्यासाठीच हे शास्त्र आहे.

दुसरी गोष्ट लय आणि ताल. लय म्हणजे गाण्याची चाल, तिची गती. जात्यावरच्या ओवीला तबला नसतो, परंतु दळणाऱ्या हाताची फेरी असते. ती लय. फुगडी आधी संथ असते, मग मध्यम होते आणि शेवटी गरगर फिरते. शास्त्रात हेच विलंबित, मध्य आणि द्रुत. ताल म्हणजे या लयीचे मोजलेले घर. त्याच्या मोजणीला मात्रा म्हणतात. दादऱ्याच्या सहा, केरव्याच्या आठ, झपतालाच्या दहा, एकतालाच्या बारा, त्रितालाच्या सोळा. त्रितालात पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी आणि नवव्या मात्रेला खाली, म्हणजे हात नुसता बाजूला करावयाचा. पहिली मात्रा ही सम. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९-१९६८) खंजिरी विदर्भात घरोघर पोचली आहे. त्या भजनात सर्वांची मान एकदम जिथे हलते, ती सम. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर होळीची लेंगी ऐकली, तर तिथेही पाय समेवरच पडतात.

तिसरी गोष्ट राग. नुसते स्वर ओळीने म्हटले म्हणजे राग होत नाही. चढताना कोणते स्वर घ्यावयाचे तो आरोह, उतरताना कोणते तो अवरोह. पाच स्वरांचा राग औडव, सहांचा षाडव, सातांचा संपूर्ण. आणि त्यांत एक स्वर घरातल्या कर्त्या बाईसारखा असतो, सगळे त्याच्याभोवती वावरतात. तो वादी. त्याच्या हाताखालचा संवादी. भूप आणि देशकार हे दोन राग पाहा. दोघांचे स्वर तेच, सा, रे, ग, प, ध. परंतु भूपाचा वादी गंधार आणि तो संध्याकाळी रात्रीच्या सुरुवातीस गातात. देशकाराचा वादी धैवत आणि तो सकाळचा. पीठ तेच, पण एकीने भाकरी थापली, दुसरीने धिरडे घातले, असेच हे!

अशा रागांची दहा थाटांत वाटणी करून ती सोप्या रीतीने मांडली पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी. त्या काळी चीज शिकावयाची तर उस्तादाची मर्जी लागे आणि बंदिशी जपून, झाकून ठेवल्या जात. भातखंडे व्यवसायाने वकील. त्यांनी देशभर हिंडून विद्या गोळा केली आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा चार भागांचा ग्रंथ मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिला. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. या दोन विष्णूंमुळे संगीत पुस्तकात आणि वर्गात आले. ज्यांना घराणे नव्हते त्यांना दार उघडले, आणि असे दार सर्वांत अधिक कोणाला हवे होते? घरंदाज बाईने गाणे हे ज्या काळी कमीपणाचे मानीत, त्या काळातील आपल्या आज्यांना, पणज्यांना. पुढे हिराबाई बडोदेकर (१९०५-१९८९) तिकीट लावून जाहीर मैफली करू लागल्या. गोव्याच्या केसरबाई केरकर (१८९२-१९७७) यांची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील तबकडीत घालून अंतराळात पाठविली गेली. ज्या भैरवीने आपल्याकडे मैफल संपते, तीच ही, रे, ग, ध, नी कोमल असणारी.

आता माझी एक विनंती आहे. भातखंड्यांची स्वरलिपी शिकावयास फार दिवस लागत नाहीत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म वर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, ताराला वर टिंब, समेला फुली आणि खालीला शून्य. एवढे आले की गाणे कागदावर उतरते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत ज्या भुलाबाईच्या चाली घरोघर घुमत, त्या आज मोजक्या वृद्ध बायांच्या गळ्यात राहिल्या आहेत. शब्द कोणी छापलेही असतील, पण चाल शब्दांबरोबर छापली जात नाही. ती बाई गेली की चाल गेली. ज्या मुली प्रवेशिका, मध्यमा या परीक्षांना बसतात त्यांना स्वरलिपी येते, पण गाणी येत नाहीत. आजींना गाणी येतात, पण स्वरलिपी येत नाही. या दोघींना मंडळाने आठवड्यातून एक दुपार शेजारी बसवावे. आजीने गावे, नातीने लिहावे. वर्षाला प्रत्येक सभासदाने एक गाणे दिले तरी पुढच्या वर्धापनदिनी आपल्यापाशी एक जाडजूड वही होईल. ती वही यवतमाळच्या बायांनी स्वतः केलेली असेल.

मग "आम्हाला संगीतातले काही कळत नाही" असे यापुढे कोणी म्हणू नये, एवढेच माझे मागणे.