आईचा बोका
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चित्रकलेवर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण काही चित्रांनी माझे अडलेले एक काम पुढे नेले, म्हणून दोन शब्द बोलते.

लिओनार्दोची मोनालिसा आपण कॅलेंडरावर पाहिलेली आहे. पाचशे वर्षांपूर्वीचे ते चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. माझ्या भाचीने दाखविलेल्या चित्रात त्याच मोनालिसाच्या कुशीत एक गलेलठ्ठ तांबूस बोका! बोत्तिचेल्लीच्या व्हीनसच्या चित्रातही तोच. मी म्हटले, "अगं, थोरामोठ्यांची अशी थट्टा बरी नव्हे." ती म्हणाली, "मावशी, आधी हकीकत तर ऐक."

ही चित्रे रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या स्वेतलाना पेत्रोवा यांची. २००८ साली त्यांची आई वारली. मागे राहिला आईचा बोका, झरथुष्ट्र. आईनेच लाडाने खाऊ घालून त्याला लठ्ठ केलेले. आई गेल्यावर पेत्रोवाबाईंचे मन कशात लागेना, हातून काही नवे होईना. तेव्हा एका स्नेह्याने सुचविले, या बोक्यालाच घेऊन काहीतरी कर. २०११ सालापासून त्या बोक्याचे फोटो काढून संगणकावर जुन्या चित्रांत बेमालूम बसवू लागल्या. २०१५ साली त्यांचे पुस्तकही निघाले.

हे ऐकल्यावर मी पुन्हा चित्र पाहिले आणि पोटभर हसले. हसता हसता डोळे भरून आले.

माझी आई जाऊन चार वर्षे झाली. तिची दोन लुगडी ट्रंकेत तशीच होती. रडू येई म्हणून मी ट्रंक उघडीतच नसे. त्या संध्याकाळी उघडली. भाचीला दिवस गेले आहेत. तिच्या बाळासाठी गोधडी शिवायला घेतली. घरात कुणी म्हणाले, "आईची आठवण कापलीस?" क्षणभर हात थबकला. या बोक्यापायी लूव्रमधल्या चित्राला काही धक्का लागलेला नाही, पण कापलेले लुगडे पुन्हा सांधत नाही, हे खरेच. म्हणून एक कापले, एक तसेच घडी घालून ठेवले. गोधडीच्या मधोमध एक तांबूस बोकाही टाचला आहे!

जिच्या ट्रंकेत असे काही पडून असेल, तिने ते मंडळात घेऊन यावे. आपण सगळ्या मिळून टाके घालू.