पोर्टात सर्व्हिसला

(अमरावतीत वसतिगृहातल्या पोरापोरींपुढं केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. शिव्या तेवढ्या गाळल्या.)



पत्रिकेत माझ्या नावापुढं तुम्ही 'कवी' छापलं. कविता मी लिहितो, पण तिच्यावर चूल पेटत नाही. मी न्हावाशेव्याच्या बंदरात कंटेनर खाली करणाऱ्या टोळीत आहे. ठेकेदाराचा माणूस. शिक्षण मॅट्रिक. अकरावीला अकोल्यात सायन्सला नाव घातलं होतं. क्लासशिवाय सायन्स होत नाही असं सगळे म्हणाले म्हणून बाप मला घेऊन एका क्लासच्या ऑफिसात गेला. तिथल्या मॅडमनं दोन वर्षांचा आकडा सांगितला, ऐंशी हजार. बापाला वाटलं आठ हजार. त्यानं खिशातून रुमालात बांधलेले पैसे काढून टेबलावर ठेवले. ती बाई हसली नाही, हे तिचे उपकार. मी तिथूनच बाहेर पडलो, तो थेट मुंबईलाच.

तर शिक्षणावर बोलायला तुम्ही असा माणूस आणलाय. आता ऐका.

मागल्या साली अकोल्यात एका लॉनवर माझ्या काकानं पाचशे पान उठवलं. लग्न नव्हतं, बारसं नव्हतं. चुलतभावाला एमबीबीएसला ॲडमिशन झाली, म्हणून. स्टेजवर फुलांची कमान, मागं पोराचा पांढऱ्या कोटातला भला मोठा फोटो. पोरगा कॉलेजात एक दिवससुद्धा गेला नव्हता, कोट फोटोवाल्याचा होता. रतनलाल प्लॉटातले डॉक्टर आले होते, बँकेतले साहेब आले होते, गोरक्षण रोडवरची काकाची सगळी कॉलनी आली होती. आणि जो तो एकच विचारत होता. कोणतं कॉलेज, हे नाही. कितीत झालं? काका आवाज बारीक करून आकडा सांगायचा, कोटीच्या पुढचा. घर गहाण, कर्ज, गावची जमीन, सगळं त्यात गेलेलं. पण सांगताना त्याच्या तोंडावर ओझं नव्हतं. लेकीच्या अंगावर किती तोळे घातले ते सांगताना बापाच्या तोंडावर जे तेज येतं, ते होतं.

मी समोर आलो तसा काका एका डॉक्टराला म्हणाला, "हा आमच्या मोठ्या बंधूंचा मुलगा. मुंबईला पोर्टात सर्व्हिसला असतो."

पोर्टात सर्व्हिसला! मी हात खिशात घातले. तळव्याला घट्टे आहेत, शेकहँडला कळतात. आणि भावांनो, खोटं कशाला बोलू, मी गप्प राहिलो. वर थोडं बरंही वाटलं.

माझा बाप कोपऱ्यातल्या खुर्चीवर होता, धुतलेल्या धोतरात. त्याची ओळख झाली, "दालमिल लाईनला आहेत." परतताना ऑटोत मी चिडलो तर बाप म्हणतो, "लेका, त्यानं खोटं काय सांगतलं? सकायी गेटवर लाईनीतच त उभा रायतो मी."

आता हा काका कोण? मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या गावातला पहिला बी. कॉम. बाप चौथीतून निघाला आणि पोती उचलायला लागला, ते धाकट्याला शिकवायला. काका इथंच, अमरावतीत, वसतिगृहात राहिला. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर जेवला. राखीव जागेवर बँकेत लागला. यात लाजायचं काय होतं? १९४४ साली बाबासाहेब व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते तेव्हा त्यांनी भांडून आपल्या पोरांच्या कॉलेजशिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपये काढायला लावले. त्यातून ही शिष्यवृत्ती उभी राहिली. ती भीक नव्हती. पण काकाच्या कॉलनीत कुणाला विचारा, साहेब कसे शिकले? "स्वतःच्या हिमतीवर," म्हणतील. काकानंच तसं सांगितलंय. वसतिगृहाची डाळ त्यानं चरित्रातून काढून टाकली.

पोरगा नीटमध्ये मागं पडला. राखीव जागेवर सरकारी मेडिकल मिळण्याइतकेही मार्क नव्हते. म्हणून काय जग बुडालं होतं? पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यातच उभं आहे. बी. एस्सी. होती, पुन्हा परीक्षा देता येत होती. पोराला स्वतःला शेतकीत गोडी होती, हे मला त्यानंच सांगितलं. पण काकू म्हणाली, "आजूबाजूला सगळे डॉक्टर, आणि आपण काय पोराला वांग्याच्या वाफ्यात बसवायचं?" मग संस्थास्तरावरची जागा घेतली. तिथं आरक्षण चालत नाही आणि सरकार फीही भरत नाही. सरकारी कॉलेजात फी लाख-दीड लाखाच्या घरात. खाजगीत तीच दहा लाखांच्या आगेमागे, आणि संस्थास्तराला त्याच्याही कित्येक पट. मला वाटतं काकाला हीच गोष्ट आवडली. जिथं जातीचा दाखला लागत नाही अशी खिडकी. नुसते पैसे मोजा, कोण कुठला कुणी विचारत नाही. आयुष्यभर शाळेत, बँकेत, भाड्याचं घर शोधताना ज्या प्रश्नानं त्याची पाठ सोडली नाही, तो प्रश्न त्यानं कोटभर रुपये देऊन एकदाचा बंद केला.

यात त्याला मी नुसता दोषी धरत नाही. हे दुकान त्यानं काढलं नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदान इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना दार उघडून दिलं. त्याच साली बडनेऱ्याला, शेगावला, पुसदला इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, पुढल्या साली अमरावतीत मेडिकल निघालं. प्रामाणिकपणे सांगायचं तर विनाअनुदान कॉलेजांत आपलीही पोरं शिकली, त्यांची फी सरकारनं भरली म्हणून. पण शिक्षणाला भाव असतो आणि भाव जास्त तर माल भारी, ही अक्कल वऱ्हाडाला तिथूनच आली. १९८७ ला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा झाला. १९९२ ला सुप्रीम कोर्टानं कॅपिटेशन फीला शिक्षणाची विक्री म्हटलं. २००२ ला त्याच कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांनी खाजगी संस्थांना आपली फी ठरवायची मोकळीक दिली. फी ताब्यात ठेवायला महाराष्ट्रानं २०१५ ला पुन्हा एक कायदा केला. एवढं सगळं होऊन पूर्वी टेबलाखालून जायचं त्यातलं बरंच आता टेबलावरून जातं, पावतीसकट. आणि आता ती पावतीच मिरवतात.

रामदासपेठेतल्या, रतनलाल प्लॉटातल्या डॉक्टरांचं गणित वेगळं आहे, ते काकाला कळलं नाही. तिथं आजोबाचा दवाखाना असतो, बापाचं हॉस्पिटल असतं, इमारत उभी असते, तिला वारस लागतो. पोरगा काठावर पास झाला तरी खुर्ची तयार. त्यांच्यासाठी फी म्हणजे धंद्यात टाकलेलं भांडवल. पेशंटकडून निघतं, राहिलेलं सासऱ्याकडून. डॉक्टर स्थळाला काय मागतात ते वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. प्लॉट, मशीन, गाडी. आंदण या शब्दात आता सोनोग्राफीसुद्धा बसते. माझ्या काकाकडं ना हॉस्पिटल, ना वारसा. तो कर्ज काढून त्यांच्या पंगतीला जाऊन बसलाय. उद्या पोरगा डॉक्टर झाला की हे कर्ज आपल्यातल्याच कुण्या मास्तराकडून, पोरीच्या बापाकडून वसूल होईल. आपल्या बौद्ध लग्नात हुंडा नसतो असं स्टेजवरून सांगत सांगत.

तुम्ही म्हणाल हा जळतो. जळतोच. का जळू नये?

माझी बहीण इथंच फार्मसीला आहे. घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत, फ्रीशिप कार्ड हातात. ते दाखवल्यावर आधी फी भरायला लावू नये, त्यासाठीच तर ते काढलं. तरी कॉलेजच्या खिडकीवर चाळीस हजार मागितले, "स्कॉलरशिप आली की परत देऊ." कॉलेजचं नाव मी घेत नाही, तुमच्यातल्या निम्म्यांना आपलंच वाटेल. २०२१ पासून केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात, राज्याचा चाळीस टक्के वेगळा. दोन सरकारं, दोन हप्ते, दोन तारखा, आणि मध्ये लोंबकळणारी पोरगी. तोवर मार्कशीट कपाटात. बापानं काकाकडं शब्द टाकला. काका म्हणाला, "सध्या हात जरा टाइट आहे." लॉनवरच्या जेवणाला बारा दिवस झाले होते. गावची दीड एकर सामाईक होती, ती विकताना बापानं आपल्या वाट्यावरही सही करून दिली होती. मला विचारलंसुद्धा नाही. "भावाचं काम हाय," एवढंच.

चाळीस हजार कुठून आले सांगतो. आमच्या कंटेनरात कधी कधी तूर येते, आफ्रिकेतली. २०१६ ला सरकारनं मोझांबिकशी तुरीचा करार केला, २०२१ ला आयात मोकळी केली. तुरीच्या वऱ्हाडात बाहेरची तूर! तीतली काही पोती अकोल्याच्या दालमिलमध्ये उतरतात. म्हणजे इकडं माझ्या पाठीवर चढलेलं पोतं तिकडं बापाच्या पाठीवर चढत असेल. अशी दोन टोकांनी पोती वाहून सात महिन्यांत ते पैसे फिटले.

आणि काकासारख्यांना बाजूला काढायचं काम सरकारही करतं. शिष्यवृत्तीची मर्यादा पाहा. २०१३ मध्ये दोन लाखांवरून अडीच लाख केली, नंतर दहा वर्षं उलटली तरी ती तिथंच होती. अडीच लाख म्हणजे महिन्याला एकवीस हजारसुद्धा नाही. कायम नोकरीतला झाडूवाला तिच्या बाहेर पडतो. मग त्याच्या पोराला फ्रीशिप मिळते, फी तेवढी माफ, निर्वाहभत्ता नाही, खोली-खानावळ आपली आपण. आणि २०१९ च्या घटनादुरुस्तीनंतर जे आर्थिक दुर्बल ठरले त्यांची मर्यादा आठ लाख. २०२४ च्या जुलैत पोरींची फी माफ केली, चांगलं केलं, मी टाळ्या वाजवतो, तिथंही आठ लाख. महिन्याला पासष्ट हजार कमावणारा दुर्बल, आणि आमचा बावीस हजारांचा झाडूवाला श्रीमंत! असा हिशेब ज्या देशात चालतो तिथं आपला साहेब आपल्यापासून तुटून कॉलनीत पळाला तर नवल नाही. पण पळताना त्यानं हा हिशेब कुणाला विचारला नाही, हे माझं भांडण आहे. बँकेतला माणूस, आकडे त्याच्या बोटावर. एक अर्ज लिहिला असता त्यानं.

हीच अमरावती, मित्रांनो. शिकायचा खर्च एकेका बापाच्या बोडख्यावर टाकायचा नसतो, हे इथल्याच माणसांनी ओळखलं होतं. पंजाबराव देशमुखांना विलायतेला पाठवताना घर कर्जात गेलं. परत आल्यावर त्यांनी ते कर्ज आपल्या रुबाबासाठी मिरवलं नाही. १९२८ ला जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले तेव्हा सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या, मग शिवाजी शिक्षण संस्था काढली. गाडगेबाबा याच जिल्ह्यातल्या शेणगावचे. स्वतः खापरात खाणारा माणूस, पण १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. लोकांना कीर्तनात ताटवाट्या विकून पोरं शिकवा म्हणायचे. घर विकून पाचशे पान उठवा, असं काही म्हणाल्याचं मला माहीत नाही.

१८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेब शिकलेल्या लोकांबद्दल दुःखानं बोलले, हे तुम्हाला माहीत आहे. दर १४ एप्रिलला ते माइकवरून कोण सांगतं? आपले साहेब लोकच. माझा काकाही सांगतो, आणि सांगताना त्याचा गळा भरून येतो. खोटं रडत नाही तो, एवढं मी त्याला ओळखतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीच्या गेटवर पेपरवाल्याशी बोलताना मात्र तो 'जयभीम' हळू म्हणतो.

आता माझंही सांगतो, नाहीतर मी नुसताच काकाला झोडपून गाडीत बसेन. आज दुपारी बहिणीला भेटलो. म्हणाली, "भाषणात फीचं काढू नको." का? तर तिनं खोलीतल्या मैत्रिणींना सांगितलंय, भाऊ मुंबईला पोर्टात सर्व्हिसला आहे. ती तिथं मागं तिसऱ्या रांगेत बसलीय. माझ्याकडं बघत नाही. चार दिवस फोन उचलणार नाही, उचलू नको. पण बाई, तुझी फी पोत्यानं भरली, सर्व्हिसनं नाही. ते त्या पोरींना कळलं तर बिघडलं काय? त्यांच्यातल्या कितीजणींच्या फीला कुणाच्या तरी पाठीचा वास असेल, त्याही बोलत नसतील.

बोलायचं ते कागदावर बोला. फ्रीशिप कार्ड दाखवूनही ज्यांच्याकडून पैसे घेतले, त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहाला इथंच पावत्या घेऊन या. पावती दिली नसेल तर तारीख, रक्कम आणि खिडकीवर काय म्हणाले ते आपल्या अक्षरात लिहून आणा. ज्यांची मार्कशीट अडवलीय त्यांनी वेगळं लिहा. नाव घालायची भीती वाटली तर नुसता वर्ग आणि वर्ष घाला. सगळ्याची यादी करून समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या टेबलावर द्यायची, पोच घ्यायची. त्या यादीत तुमचं वसतिगृहही लिहा, कोणत्या शिष्यवृत्तीवर शिकता तेही लिहा. रविवारी मी नसेन, सोमवारी पहाटेची पाळी आहे. काकाला फोन करून ठेवलाय. रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत त्याला, अर्ज चांगला लिहितो. येतो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.