चारित्र्य म्हणजे काय, आणि ते तीस दिवस



आज बचत आणि कर्ज जरा बाजूला ठेवून माझ्या घरातली गोष्ट सांगते. वन्संची परवानगी घेऊनच सांगते आहे.

वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद, अमेरिकेत न्यू जर्सीत राहतात. ग्रीन कार्ड होतं, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी होती. पण ग्रीन कार्डवर आईवडिलांना कायमचं बोलावून घेता येत नाही, त्यासाठी नागरिक व्हावं लागतं. सासूबाई इथे एकट्या झुरतात म्हणून वन्संनी नागरिकत्वाचा अर्ज केला. मुलाखत झाली आणि पत्र आलं : अर्ज नामंजूर. कारण काय, तर 'चांगलं नैतिक चारित्र्य' सिद्ध झालं नाही.

फोनवर हे ऐकलं आणि सासूबाई मटकन खालीच बसल्या. "माझ्या लेकीच्या चारित्र्यावर बोट ठेवलं?" आपल्याकडे बाईच्या बाबतीत हा शब्द निघाला की लोक त्याचा एकच अर्थ घेतात. दोन दिवसांत नळावर कुजबुज सुरू झाली. वन्संनी तर लाजेने ते पत्र कपाटात ठेवून दिलं.

मी म्हटलं, "वन्सं, पत्राचा फोटो पाठवा. नीट वाचू तरी." भाचीला फोनवर घेतलं आणि ओळ न् ओळ वाचून घेतली. नवऱ्याच्या आजारपणात वन्संचा एका वर्षाचा कर थकला होता. तो फेडण्याची काही व्यवस्था केल्याचा पुरावा अर्जासोबत नाही, एवढंच त्यात लिहिलेलं होतं.

अमेरिकेच्या कायद्यात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. अर्जाच्या आधीची साधारण पाच वर्षं आणि तिथून शपथ घेईपर्यंतचं वागणं बघतात. नागरिक जोडीदारासोबत राहणाऱ्यांसाठी पाचऐवजी तीन वर्षं. गुन्हे केलेत का, शपथेवर खोटं बोललात का, मुलांची पोटगी बुडवलीत का, कर थकवलात का, असे प्रश्न असतात. खुनासारख्या गुन्ह्याला कायमची बंदी आहे. थकलेल्या कराचं तसं नाही, तिथे खुलासा करता येतो.

आणि खुलासा होताच! वन्संनी कर खात्याशी हप्ते बांधून घेतले होते आणि चौदा महिने एकही चुकवला नव्हता. मुलाखतीत मात्र त्या घाबरल्या. "हो, कर बाकी आहे," एवढंच बोलल्या. कराराचा कागद घरीच राहिला होता.

नामंजुरीवर फेरसुनावणी मागता येते. त्या अर्जाला एन-३३६ म्हणतात. निर्णय मिळाल्यापासून ३० दिवसांत तो फीसह भरावा लागतो. वन्संचे अकरा दिवस कपाटातच गेले होते. मग वकील गाठला. कराराची प्रत, सगळ्या हप्त्यांच्या पावत्या आणि नवऱ्याच्या दवाखान्याचे कागद जोडले, आणि चोविसाव्या दिवशी अर्ज गेला.

ही सुनावणी पहिला अधिकारी घेत नाही. त्याच्या बरोबरीचा किंवा वरचा दुसरा अधिकारी घेतो. नियमात त्यासाठी १८० दिवसांची मुदत आहे. तिथेही नकार मिळाला तर १२० दिवसांत फेडरल जिल्हा न्यायालयात जाता येतं, आणि न्यायाधीश सगळं प्रकरण नव्याने तपासतात. वन्संना तिथवर जावं लागलं नाही. दुसऱ्या अधिकाऱ्याने पावत्या बघितल्या, प्रश्न विचारले, आणि अर्ज मंजूर झाला.

तुमच्यापैकी कुणाची लेक, बहीण, भाऊ तिकडे असेल, तर दोन गोष्टी त्यांच्या कानावर घाला. एक, काही लपवू नका. कर थकला तर मार्ग निघतो, पण शपथेवर खोटं बोललेलं निस्तरणं फार अवघड जातं. दुसरी, अटक किंवा गुन्ह्याचं काही असेल, तर जाणत्या वकिलाला विचारल्याशिवाय अर्ज करू नका आणि अपीलही करू नका. नुसत्या नामंजुरीने ग्रीन कार्ड जात नाही, पण काही प्रकरणांत तेही धोक्यात येऊ शकतं. 'माझी आत ओळख आहे' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.

आणि आपल्यासाठी? बँकेने गटाचं कर्ज नाकारलं किंवा निराधार पेन्शनचा अर्ज परत आला, की आपणही तो कागद घडी घालून डब्यात टाकतो. तसं करू नका. कारण वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. तारीख बघा, पावती शोधा. नकाराच्या पत्रात बहुतेक वेळा पुढचा रस्ताही लिहिलेला असतो.

वन्संनी शपथ घेतली त्या दिवशी सासूबाईंनी नळावर पेढे वाटले. जिने सगळ्यात जास्त कुजबुज केली होती, तिला दोन दिले. अमेरिकेला जाणार का विचारलं, तर म्हणाल्या, "ते बघू गं. आधी तिच्या पावत्या नीट ठेवायला सांग."