संगणकाचे समाईक कोठार



गावात लग्नकार्य निघालं की मोठी पातेली, पराती आणि झारे काही प्रत्येक घरानं विकत घ्यायचे नसतात. ते देवळाच्या खोलीत ठेवलेले असतात. लागतील त्यानं न्यावेत आणि घासूनपुसून परत आणावेत. संगणकाचा कोड लिहिणाऱ्यांकडेही अशी समाईक भांडी असतात. त्यांना ते ‘लायब्ररी’ म्हणतात. ग्रंथांशी तिचा संबंध नाही, एवढं शिक्षकबंधूंनी ध्यानात घ्यावं!

फरक एकच. कोडाची नक्कल फुकट होते. म्हणून जो तो समाईक कोड उचलून आपल्या घरी नेतो. पुढं मूळ कोडात खोट सापडली, ती दुरुस्तही झाली, तरी दहा घरच्या नकला तशाच सदोष राहतात. आणि त्या खोटीतूनच चोर आत शिरतो.

यावर ‘केडीई’ या मुक्त प्रकल्पानं काय केलं ते पाहण्याजोगं आहे. मथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्यानं तो १९९६ साली सुरू केला. ‘ओक्युलर’ हा वाचक आणि ‘केट’ हा संपादक याच घरचे. त्यांचा समाईक कोड पूर्वी ‘केडीईलिब्ज’ नावाच्या एकाच मोठ्या गाठोड्यात असे. बाहेरच्या माणसाला त्यातली एक वाटी हवी असली, तरी अख्खं गाठोडं उचलावं लागे. साहजिकच लोक त्याच्या वाटेला जात नसत.

२०११ साली स्वित्झर्लंडमधल्या रांडा गावी मंडळी जमली आणि गाठोडं सोडायचं ठरलं. जुलै २०१४ मध्ये त्यातून पन्नासाहून अधिक लायब्रऱ्या बाहेर आल्या. प्रत्येकीची रिपॉझिटरी, म्हणजे कोठी, वेगळी. पण खरी अक्कल कोठ्या वेगळ्या करण्यात नव्हती, उतरंडीत होती. उतरंडीत खालचं मडकं वरच्यावर टेकत नाही. पहिल्या थरातल्या लायब्ररीनं ‘क्यूट’ या पायाभूत साधनावर विसंबावं, केडीईच्या दुसऱ्या कोणत्याही लायब्ररीवर नाही. वरच्यांनी खालच्यांचा आधार घ्यावा, खालच्यांनी वरच्यांचा कधीच नाही. त्यामुळं पहिल्या थरातली वस्तू कुणीही एकटी नेऊ शकतो.

मग सगळ्यांनीच असं का करू नये? एलएलव्हीएम प्रकल्पानं २०१९ साली नेमकं उलट केलं. गिटहबवर सगळ्यांची एकच कोठी ठेवली. तिथं मूळ लायब्ररी सतत बदलते आणि तिच्यावर उभ्या असलेल्या ‘क्लँग’लाही त्याच क्षणी बदलावं लागतं. एका कोठीत दोन्ही बदल एकाच नोंदीत बसतात. माझ्या मते कोठ्या किती हा प्रश्न दुय्यम आहे. कोण कुणाबरोबर बदलतं, हे आधी पाहावं.

केडीईनं आणखी एक बंधन पाळलं. एका मालिकेत आधी बांधलेला प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवरही चालला पाहिजे. एखादी जुनी सोय नकोशी झाली, तर तिच्यावर ‘कालबाह्य’ अशी खूण करायची. ती काढायची मात्र पुढच्या मालिकेत. ती सहावी मालिका फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. म्हणजे पाचवीवर विसंबलेल्यांना मध्ये साडेनऊ वर्षं मिळाली.