ठरलेली सुट्टी आणि नवी नोकरी

(नोकरी शोधणाऱ्या स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून अर्ज कसा लिहावा, पगाराची बोलणी कशी करावीत, यावर बरंच बोलून झालं. मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. तो वरवर किरकोळ वाटेल, पण माझ्याकडे येणाऱ्या बायका तो पुन्हा पुन्हा विचारतात. मुलाखतीला जायचंय, आणि त्याआधीच कुठे तरी जायचं ठरलंय, तिकिटं काढून झालीत. हे तिथे सांगायचं का? सांगायचं तर केव्हा?

असा पेच पडणं अगदी साहजिक आहे. रेल्वेचं आरक्षण 2024 च्या नोव्हेंबरपासून 60 दिवस आधी उघडतं, त्यापूर्वी 120 दिवस आधी उघडायचं. सहलीचे पैसे त्याही आधी भरावे लागतात. नोकरीची जाहिरात, मुलाखत, जुन्या ठिकाणी महिन्याची नोटीस, यात दोन-तीन महिने सहज जातात. म्हणजे तारखा एकमेकींवर येणारच. त्यात कुणाचा गुन्हा नाही.

तिघींचं उदाहरण सांगते. पहिली एका तपासणी प्रयोगशाळेत लागली. तिच्या बचत गटातल्या बायकांनी दोन वर्षं पैसे साठवून रामेश्वर-कन्याकुमारीची सहल ठरवली होती. नोकरी जाईल या भीतीने ती काहीच बोलली नाही. तिसऱ्या आठवड्यात रजा मागितली तेव्हा उत्तर मिळालं, ‘प्रोबेशनमध्ये रजा नाही, आणि हे आधी का नाही सांगितलंत?’ तिने तिकीट रद्द केलं. बाकीच्या गेल्या.

दुसरी फार सरळ. मुलाखतीत बसल्या बसल्या तिने सांगून टाकलं, की मला मे महिन्यात दहा दिवस लागतील. मग उरलेली सगळी मुलाखत त्या दहा दिवसांवरच झाली. हिशेबाच्या कामाचा आठ वर्षांचा अनुभव सांगायचा राहूनच गेला.

तिसरीने मुलाखतीत फक्त कामाविषयी सांगितलं. ‘आम्ही तुम्हाला घेतोय, पगार इतका,’ असा फोन आल्यावर ती म्हणाली, ‘मला आनंद आहे. होकार देण्याआधी एक गोष्ट सांगते. अमुक ते अमुक तारखेला माझा प्रवास ठरलेला आहे. ते नऊ दिवस बिनपगारी धरा. नेमणूकपत्रात तेवढं लिहून द्याल का?’ त्यांनी लिहून दिलं.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे : सांगायचं जरूर, पण त्यांनी तुम्हाला निवडल्यानंतर आणि तुम्ही होकार देण्याआधी. त्या मधल्या दिवसांत तुमच्या शब्दाला सगळ्यात जास्त वजन असतं. त्यांना तुम्ही हव्या आहात, आणि तुम्ही अजून बांधल्या गेलेल्या नाही. मुलाखतीतच कुणी विचारलं, ‘लगेच रुजू व्हाल ना? मध्ये काही अडचण?’ तर तिथेच खरं सांगायचं. खोटं बोलायचं नाही, ते पुढे आपल्यावरच उलटतं.

लिहून का घ्यायचं? कारण रुजू झाल्यावर लगेचच मोठ्या रजेचा हक्क कायदा देत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 दिवस नैमित्तिक रजा आहे, पण तीसुद्धा दर तिमाहीला थोडी थोडी जमा होते. भरपगारी रजा 240 दिवस काम केल्यानंतर, दर 20 दिवसांमागे 1 दिवस या हिशेबाने मिळते. छोट्या दुकानांत काम करणारणींना तर या तरतुदींचा आधारही नसतो. म्हणून नव्या नोकरीतली पहिली सुट्टी ही दोघांच्या कराराची गोष्ट ठरते. आणि मुलाखतीत गोड बोललेले साहेब तीन महिन्यांनी बदलूनही गेलेले असतात.

ते ‘नाही’ही म्हणू शकतात. त्यासाठी फोन येण्याआधीच घरी बसून ठरवा, की नोकरी आणि सुट्टी यातलं काय सोडता येईल. कर्जाचा हप्ता डोक्यावर असेल तर सुट्टी सोडावी लागेल, त्यात कमीपणा नाही. पण तो निर्णय आपण केलेला असावा.

आता सांगायचं किती? तारखा आणि दिवस, एवढंच. आपल्याला सवय असते कारणं देण्याची. ‘सासूबाईंना देवदर्शन करायचंय’, ‘नणंदेचं लग्न आहे’. बाईची सुट्टी दुसऱ्या कुणासाठी असली तरच ती खरी, असं आपल्या मनावर ठसलेलं आहे. मैत्रिणींबरोबर नुसतं समुद्र बघायला जाते, हे सांगायला जीभ अडखळते. पुरुषाने ‘ट्रेकला जातोय’ म्हटलं तर तो उत्साही ठरतो. बाईने म्हटलं तर ‘मुलं कोण सांभाळणार?’ हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. ‘त्याची व्यवस्था आहे,’ एवढं पुरे.

इथे एक भेद नीट लक्षात घ्या. ठरलेली गैरहजेरी सांगणं हा व्यवहार आहे. लग्न कधी करणार, पाळी नियमित येते का, दिवस गेलेत का, ही माहिती मात्र आपली खासगी आहे. नीरा माथुर यांचा खटला आपल्या सगळ्यांना माहीत असायला हवा. आयुर्विमा महामंडळात त्या प्रोबेशनवर होत्या. बाळंतपणाच्या रजेनंतर, नोकरीच्या वेळी भरलेल्या फॉर्ममध्ये पाळीविषयी खोटी माहिती दिली असं कारण दाखवून त्यांना काढून टाकलं गेलं. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामावर परत घ्यायला लावलं, आणि पाळी, गर्भपात, बाळंतपणं यांविषयीचे ते रकाने स्त्रीला लाजवणारे आहेत, ते फॉर्ममधून काढून टाका, असं महामंडळाला सांगितलं. तरीही असे प्रश्न आजही तोंडी विचारले जातात. ‘याचा या कामाशी काय संबंध आहे?’ असं शांतपणे विचारायला आपण शिकलं पाहिजे.

शेवटी घरकाम करणाऱ्या आपल्या बहिणींविषयी. नवीन घर धरताना त्यातल्या कितीतरी जणी पगाराबरोबरच सांगून टाकतात, ‘ताई, जत्रेला आठ दिवस गावी जाते, ते कापायचे नाहीत.’ शिकलेल्या बाईला नेमणूकपत्र समोर असून जे बोलता येत नाही, ते त्या दारात उभ्या राहून बोलतात. हे धैर्य संघटनेतून आलेलं आहे. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणी संपावर गेल्या तेव्हा पगारवाढीइतकीच सुट्टीचीही मागणी होती. सुट्टी मागणं म्हणजे कामचुकारपणा, हा समज त्यांनी तेव्हाच झुगारला होता.

आपण एकेकट्या मुलाखतीला जातो, म्हणून घाबरतो. तेव्हा आता जेवणापूर्वी अर्धा तास दोघी दोघी समोरासमोर बसा. एकीने साहेब व्हायचं, दुसरीने उमेदवार. तारखा सांगायच्या, ‘लिहून द्या’ म्हणायचं, आणि पुढे गप्प बसायचं. ‘सॉरी’ आणि ‘प्लीज’ किती वेळा तोंडात आलं ते जोडीदारणीने मोजायचं. मग जागा बदला. आपापल्या गटात परत गेल्यावर पुढच्या बैठकीत हे करून घ्या, आणि कुणाला काय अनुभव आला ते आम्हाला कळवा.