पेटीमास्तरला आधी बोलवा

धान घरात आलं की आपल्या लाखनी, पालांदूर, साकोली भागात दोनच चौकश्या सुरू होतात : पट कुठे आहे आणि नाटक कोणतं आहे? दिवसा बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, रात्री नाटक, घरात लेकीजावई आणि पाहुण्यांची गर्दी. आपल्या या झाडीपट्टीच्या माणसाला हे सांगायची गरज नाही. मला आज एकच गोष्ट बोलायची आहे : लढाईच्या नाटकातलं गाणं.

यंदा आमच्याकडच्या एका हौशी मंडळानं युद्धाच्या काळातल्या घराचं नाटक बसवायला घेतलं आहे. मुलगा सीमेवर, घरी म्हातारे मायबाप आणि वाट पाहणारी सून. मी तालमीला जाऊन बसलो. पोरं गुणी आहेत, दिवसभराचं काम आटोपून येतात. पण सगळी चर्चा कशाची? तोफेचा आवाज कुठून आणायचा, धूर किती सोडायचा, लाल दिवा कधी लावायचा. मी विचारलं, सुनेचं गाणं कोण बसवतंय? तर म्हणाले, "काका, मोबाइलवर रेकॉर्ड आहे, ते लावून देऊ." आणि पेटीमास्तर? "ते रंगीत तालमीला येतील."

इथेच माझं भांडण आहे. अरे बाबांनो, लढाई तुम्ही कितीही मोठी करा, ती टीव्हीवर याहून मोठी दिसते. सीमेवरचा गोळीबार आपल्या रंगमंचावर कधी मावणार नाही. मावतं ते घर. आणि त्या घरातली धास्ती संवादात संपत नाही, म्हणून गाणं येतं. शिरवाडकरांच्या 'वीज म्हणाली धरतीला' या नाटकात झाशीची राणी आहे, सत्तावन्नचा रणसंग्राम आहे, तरी लोक आजही आठवतात ती त्यातली गाणी. रणजित देसाईंच्या 'हे बंध रेशमाचे'मध्ये फाळणीचा वणवा आहे, पण ते नाटक घराघरांत पोचलं ते अभिषेकीबुवांच्या चालींमुळे.

आपल्या भाषेत सांगतो. नाटकातलं गाणं म्हणजे बांधीतलं पाणी. रोवणी झाल्यावर बांधीत पाणी उभं असतं तेव्हा लोक हिरवा धान बघतात, पाण्याकडे कुणी बघत नाही. पण धान गर्भात असताना धुरा फुटला आणि पाणी निघून गेलं, तर लोंब वरून छान दिसते आणि हातात घेतली तर पोचट. तुमचं नाटक तसंच होईल. पोशाख झकास, धूर झकास, दाणा नाही. आणि पाणी शेवटच्या दिवशी सोडून चालत नाही, ते रोवणीपासून लागतं. पेटीमास्तर पहिल्या तालमीपासून हवा तो यासाठी.

रेकॉर्डवरचं गाणं नटीसाठी थांबत नाही. तिचा आवाज भरून आला, ती अर्धी ओळ गिळून गेली, तर पेटीवाला सूर धरून ठेवतो, तबलजी ठेका सांभाळतो. मोबाइल पुढच्या कडव्यावर निघून गेलेला असतो! पुन्हा सांगतो, कारण मंडपातल्या गडबडीत हेच ऐकू जात नाही : मोबाइल थांबत नाही, पेटीमास्तर थांबतो.

वडशाच्या नाटक कंपन्यांकडे बघा. त्या धंदा करतात, एक एक पैसा मोजतात, तरी ऑर्गन-तबल्याची जोडी सोडत नाहीत. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी छाती फुगवली. तो मान समोर बसलेल्या माणसांसाठी रात्र रात्र उभं राहून केलेल्या कामाचा होता. आणि वाईट काळही आठवा : न्यायालयाच्या निर्णयामुळे 2014 पासून 2021 च्या अखेरपर्यंत पट बंद होते. पटाच्या गर्दीवर चालणाऱ्या नाटकांना त्याचा फटका बसला, तरी रंगभूमी टिकली. ती बंदीनं मेली नाही, आपल्या आळसानं मात्र मरू शकते.



मंडळाच्या अध्यक्षांना आणि सचिवांना एवढीच विनंती. वर्गणीतून धुराच्या यंत्राचे पैसे बाजूला काढायच्या आधी पेटीमास्तरचे आणि तबलजीचे काढा. आजच्या तालमीला त्यांना निरोप पाठवा, चहा पाजा आणि सुनेच्या गाण्यापासून सुरुवात करा. तोफेचं नंतर बघू.