न सांपडणारें पान



जुन्या मासिकांचे बांधीव अंक जपणारें एखादें ग्रंथालय डोळ्यांसमोर आणा. कपाटें भरलेलीं आहेत, वाळवीहि लागलेली नाहीं. पण अमुक लेख कोणत्या अंकांत आला होता हें तोंडपाठ सांगणारे ग्रंथपाल निवृत्त झाले, आणि असलेला लेख नसल्यासारखा झाला. ग्रंथाच्या शेवटीं शब्दसूचि जोडतात ती अशाच अडचणीसाठीं: शब्द अगोदर, आणि तो ज्या ज्या पानांवर येतो त्यांचे आंकडे त्याच्यापुढें. संगणकावरचा शोध-सर्व्हर म्हणजे अशीच सूचि बाळगणारा आणि विचारल्याबरोबर उत्तर देणारा यंत्ररूपी ग्रंथपाल. त्यांपैकीं एकाचें नांव सोलर. डग कटिंग यांनीं ल्युसीन नांवाचा सूचि-रचनेचा संच प्रसिद्ध केला. त्याच्या पायावर योनिक सीली यांनीं २००४ मध्यें सीनेट या कंपनीकरितां सोलर उभारला, आणि २००६ मध्यें तो अपाची प्रतिष्ठानाच्या स्वाधीन होऊन सर्वांस मोकळा झाला.

सोलर बहुधा निराळ्या यंत्रावर बसलेला असतो, आणि वेबच्या नेहमींच्या बोलींत त्याला निरोप पाठवावा लागतो. हे निरोप हातानें लिहितां येतात. पण दर वेळीं पत्ता घाला, मजकुराची ठराविक घडी करा, उत्तराची घडी उलगडा, हा व्याप कोणीं सांभाळावा? म्हणून बहुतेक प्रचलित प्रोग्रॅमिंग भाषांत एक तयार मध्यस्थ मिळतो. त्याला क्लायंट लायब्ररी म्हणतात. जावा भाषेंतल्या मध्यस्थाचें नांव सोलर-जे. हा आपला कारकून समजा. आपण कागद द्यावा, त्यानें तो पाकिटांत घालून पोंचवावा आणि पावती आणून द्यावी. कारकून एकदांच नेमावा आणि सगळ्या कामाला तोच वापरावा. प्रत्येक कागदाला नवा कारकून नेमणारे लोक आहेत. सर्व्हर मंद चालतो ही तक्रारहि बहुधा तेच करतात.

कारकून नम्र आहे, चलाख आहे; परंतु कागदांत काय लिहिलें आहे याची त्याला पर्वा नसते, आणि येथेंच पानें हरवतात. प्रत्येक लेखाचा एक दस्तऐवज करावयाचा: त्यांत शीर्षक, लेखक, साल, मजकूर अशीं सदरें, आणि एक ओळखक्रमांक. समजा, एखाद्या होतकरू गृहस्थानें अंकाचें साल आणि महिना जोडून हा क्रमांक बनविला. अंकांत लेख आहेत बारा. सर्व्हर पहिला ठेवून घेतो. दुसरा त्याच क्रमांकाचा आला कीं ही पहिल्याचीच सुधारलेली प्रत असें मानून पहिला काढून टाकतो. बाराव्याअखेर एकच लेख उरतो, आणि कारकुनाच्या हातांत मात्र बारा पावत्या असतात, एकहि तक्रार नाहीं!

या पावतीचाहि अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. दस्तऐवज मिळाला म्हणजे तो सांपडूं लागला असें नव्हे. ल्युसीनची सूचि तुकड्यातुकड्यांनीं लिहिली जाते, आणि एकदां लिहिलेला तुकडा पुन्हा बदलला जात नाहीं. शोधणारा भाग एका विशिष्ट क्षणीं असलेले तुकडे समोर धरून उत्तरें देतो. नवे तुकडे त्याच्या दृष्टीस पडावेत म्हणून 'कमिट' ही आज्ञा द्यावी लागते. तिचेहि दोन प्रकार आहेत. पक्की कमिट मजकूर डिस्कवर कायम करते, पण तिला तसें सांगून ठेवलें असेल तर शोधणाऱ्याची नजर जुन्याच तुकड्यांवर राहते. हलकी कमिट नजर ताजी करते, कायम करण्याची जबाबदारी मात्र घेत नाहीं. मग प्रत्येक लेखामागें आज्ञा द्यावी काय? तसें केल्यास नजर पुनःपुन्हा ताजी करण्यांत आणि जवळ साठविलेलीं उत्तरें टाकून देण्यांतच सर्व्हर दमून जाईल. तीन-चारशें लेखांचा गठ्ठा एकदम द्यावा, आणि इतक्या वेळांत दिसूं लागावा अशी मुदत सोबत घालावी, हें बरें. सोलर-जे ही मुदत मिलिसेकंदांत घेतो. दहा सेकंदांकरितां नुसते १० लिहूं नयेत.

येथवरच्या गोष्टी कोणत्याहि भाषेला सारख्याच. मराठीची अडचण निराळी आहे, आणि मला तीच सर्वांत मोठी वाटते. सर्व्हर अर्थ जाणत नाहीं. तो अक्षरें जुळवून पाहतो. १९६२ सालीं मराठी लेखनाचे नवे नियम झाले, तेव्हां उच्चारांत न उरलेले अनुस्वार लेखनांतूनहि गेले, आणि 'कवि', 'गुरु' या शब्दांचें शेवटचें अक्षर दीर्घ झालें. १९४० च्या मासिकांत 'नांव' अनुस्वारासह छापलेलें आहे; आजचा वाचक अनुस्वार न देतां विचारतो, आणि सर्व्हर शून्य म्हणतो. हें भाषणहि जुन्याच वळणानें छापलें जाणार असल्यामुळें आमच्या नातवंडांना तें सांपडेल कीं नाहीं, हा प्रश्न मला परका नाहीं.

उपाय सर्व्हरजवळ आहे, कारकुनाजवळ नाहीं. सदराचा प्रकार ठरवितांना शब्दांवर कोणते संस्कार करावेत हें लिहून ठेवतां येतें. ते लेख आंत घेतांना आणि प्रश्न विचारतांना जुळते हवेत. नुसत्या लेखांवर केले, तर जुन्या वळणानें विचारणारा रित्या हातानें परततो. नुसत्या प्रश्नावर केले, तर जुनीं पानें कोणालाच दिसत नाहींत. कोणी उत्साहानें म्हणेल, सगळेच अनुस्वार पुसून टाका. मग 'वंश' आणि 'वश' एक होतील! शब्दाच्या अखेरचा अनुस्वार काढणें बहुधा निर्धोक. 'नांव', 'गांव', 'पांच' यांसारख्यांच्या मात्र जोड्यांची यादीच करावी. 'घरांत' हा खरा पेंच. जुन्या लेखनांत तो एका घराविषयींहि असूं शकतो आणि अनेकांविषयींहि, नव्यांत अनेकांविषयींच. मी तरी दोन्ही एकत्र करीन. नको असलेलीं चार पानें चाळणें परवडतें; हवें असलेलें पान दडणें परवडत नाहीं. संस्कार बदलले कीं आधीं घातलेले लेख आपोआप सुधारत नाहींत, पहिल्यापासून पुन्हा घालावे लागतात. यासाठीं मूळ मजकूर सूचीबाहेर वेगळा जपलेला असावा.

विचारण्याचें काम त्या मानानें सोपें. दुर्मिळ शब्दाला अधिक वजन द्यावें हें कारेन स्पार्क जोन्स यांनीं १९७२ मध्यें मांडलेलें तत्त्व सर्व्हर पाळतो, त्यामुळें महत्त्वाचें पान सहसा वर येतें. कांहीं न सांगितल्यास सोलर पहिलीं दहाच उत्तरें धाडतो. एकूण किती सांपडलीं तो आंकडा उत्तरांत निराळा असतो, तोहि वाचकाला दाखवावा.

सूचि पुरी झाल्यावर कपाटांतून वीस पानें न निवडतां काढावींत, आणि प्रत्येकावरचा एक विशेष शब्द आधीं जुन्या, मग नव्या वळणानें विचारावा. जें पान एकदांहि आलें नाहीं त्याचा ओळखक्रमांक पहिल्यानें पाहावा, नंतर कमिटची मुदत, आणि मग सदरावरचे संस्कार.